औषध ‘चालत नाही’ म्हणजे काय?

(औषधाने आपण बरे होतो, पण एखाद्या माणसाला एखादे औषध घातकही ठरते. असे का होते, ते कसे ओळखावे आणि त्या वेळी काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे. घरातील औषधाचे पाकीट वाचण्याचे काम पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या मुलांवरच येते. म्हणून हा पाठ लक्षपूर्वक वाचा.)

‘मला ते औषध चालत नाही,’ हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. उर्दूत आपण म्हणतो, ‘यह दवा मुझे रास नहीं आती.’ वाक्य बोलायला सोपे आहे; पण त्याचा अर्थ मात्र प्रत्येक वेळी एकच नसतो. कोणाला गोळी घेतल्यावर मळमळते. कोणाला झोप येते. कोणाच्या अंगावर लाल पुरळ उठते. आणि एखाद्याचा श्वास काही मिनिटांतच कोंडू लागतो. हे चौघेही एकच वाक्य बोलतात. पण चौघांचा त्रास सारखा नाही, त्याचे कारण सारखे नाही आणि त्यावरचा उपायही सारखा नाही. पहिल्या दोघांना बहुधा औषधाचा साधा दुष्परिणाम झालेला असतो. पुढच्या दोघांना औषधाची ॲलर्जी झालेली असू शकते. हा फरक ज्याला ओळखता येतो, तो वेळप्रसंगी दुसऱ्याचा जीव वाचवू शकतो.

ॲलर्जी हा शब्द आज घरोघरी बोलला जातो. पण तो फार जुना नाही. व्हिएन्ना शहरातील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने तो १९०६ साली तयार केला. ग्रीक म्हणजे युनानी भाषेतील दोन शब्द त्यात आहेत. ‘ॲलॉस’ म्हणजे वेगळे आणि ‘एर्गॉन’ म्हणजे काम. शरीराने नेहमीपेक्षा वेगळेच काम करणे, असा त्याचा अर्थ. त्या काळी काही रोगांवर घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार केलेले औषध मुलांना टोचत असत. ते टोचल्यावर काही मुलांना ताप येई, अंगावर पुरळ उठे, सांधे सुजत. तेच औषध दुसऱ्यांदा टोचले, तर त्रास लवकर सुरू होई आणि जास्त होई. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी ही गोष्ट बारकाईने पाहिली. म्हणजे ॲलर्जी या शब्दाचा जन्मच औषधाच्या त्रासातून झाला.

हे घडते तरी कसे? आपल्या शरीरात रोगांशी लढणारी एक शक्ती असते. तिला प्रतिकारशक्ती म्हणतात. ती मोहल्ल्यात रात्री गस्त घालणाऱ्या चौकीदारासारखी असते. चोर दिसला की चौकीदार शिट्टी वाजवतो आणि लोकांना जागे करतो. चौकीदार जागरूक असणे चांगलेच. पण समजा, त्याने पाहुण्यालाच चोर समजले आणि साऱ्या मोहल्ल्याला काठ्या घेऊन बाहेर काढले, तर? पाहुण्याला मार बसेल आणि घरातील सामानाचीही मोडतोड होईल. ॲलर्जीमध्ये असेच होते. औषध हा पाहुणा असतो. प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते. नुकसान मात्र आपल्या शरीराचेच होते.

पहिल्यांदा औषध घेतले तेव्हा चौकीदार पाहुण्याचा चेहरा नुसता लक्षात ठेवतो. त्या औषधाविरुद्ध शरीरात एक खास पदार्थ तयार होतो. त्याला प्रतिपिंड म्हणतात. अशा प्रकारच्या ॲलर्जीला कारण होणारा प्रतिपिंड किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत शोधून काढला. पुढे त्याला ‘आयजीई’ असे नाव मिळाले. तेच औषध पुन्हा पोटात गेले की हे प्रतिपिंड त्याला ओळखतात आणि शरीरातील काही पेशींमधून हिस्टामिन नावाचे रसायन बाहेर पडते. हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात. त्यांतून पाणी झिरपते. त्यामुळे कातडी सुजते, लाल होते, खाजते. श्वासनलिका आकसते. रक्तदाब उतरतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ‘हे औषध मी मागच्या वर्षी घेतले होते, तेव्हा काही झाले नाही, म्हणून आताही होणार नाही,’ असे समजणे चुकीचे आहे. मागच्या वेळी त्रास झाला नाही, यात नवल नाही. कारण तेव्हा फक्त ओळख झाली होती. याउलट, काही औषधांचा असा त्रास पहिल्याच गोळीनेही होऊ शकतो. म्हणून औषध नवे असो की जुने, घेतल्यानंतर आपल्या शरीराकडे लक्ष ठेवलेच पाहिजे.

कोणत्याही औषधाची ॲलर्जी होऊ शकते; पण काही औषधांमुळे ती अधिक वेळा होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनमध्ये पेनिसिलिनचा शोध लावला. या औषधाने लाखो लोकांचे प्राण वाचवले. तरीही औषधाच्या ॲलर्जीत पहिले नाव पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातील औषधांचेच घ्यावे लागते. घसादुखीवर आणि दातदुखीवर नेहमी दिले जाणारे ॲमॉक्सिसिलिन याच घराण्यातील आहे. सल्फा गटातील औषधे, अंगदुखीवरील ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि फिट्सच्या आजारावरील काही औषधे यांच्यामुळेही असा त्रास होतो. दमा असलेल्या काही लोकांना ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी एकदम दम लागतो. गोळीच नव्हे, तर इंजेक्शन, डोळ्यांत घालायचे थेंब आणि कातडीला लावायचे मलम यांचीही ॲलर्जी होऊ शकते. जडीबुटीचे औषध आहे म्हणून त्याची ॲलर्जी होणारच नाही, असेही नाही.

आता ॲलर्जीची लक्षणे पाहू. ती सांगण्यासाठी मराठीतील काही शब्द आपल्याला ठाऊक असले पाहिजेत. कारण दवाखान्यात हेच शब्द कामी येतात. खारिश म्हणजे खाज. सूजन म्हणजे सूज. उर्दूत आपण ‘पित्ती उछलना’ म्हणतो, त्याला मराठीत ‘अंगावर पित्त उठणे’ किंवा ‘गांधी उठणे’ म्हणतात. गांधी म्हणजे डास किंवा मुंगी चावल्यावर येतात तशा फुगीर, लालसर, खाजणाऱ्या चकंदळ्या. त्या एका जागी मावळतात आणि दुसऱ्या जागी उठतात. पुरळ म्हणजे गोवरात येतात तसे बारीक लाल ठिपके. दम फुलणे याला मराठीत ‘धाप लागणे’ म्हणतात. डोळ्यांपुढे अंधारी येणे, चक्कर येणे, आवाज बसणे, घशात काही अडकल्यासारखे वाटणे हेही शब्द लक्षात ठेवा.

औषधाची ॲलर्जी ओळखण्यासाठी लक्षणांइतकेच घड्याळही महत्त्वाचे असते. औषध घेतल्यापासून किती वेळाने त्रास सुरू झाला, हा पहिला प्रश्न. वेळेनुसार ॲलर्जीचे काही प्रकार सहज वेगळे करता येतात.

पहिला प्रकार लगेच होणाऱ्या ॲलर्जीचा. औषध घेतल्यावर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत, तळहातांना आणि तळपायांना खाज सुटते. अंगावर गांधी उठतात. ओठ, पापण्या किंवा जीभ सुजते. त्रास एवढ्यावरच थांबला, तरी पुढची गोळी न घेता डॉक्टरांकडे जावे. पण कधी कधी तो एवढ्यावर थांबत नाही. आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही, धाप लागते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. पोटात कळा येतात, उलट्या होतात. नाडी जलद पण क्षीण होते, चक्कर येते, माणूस घाबराघुबरा होतो आणि बेशुद्ध पडतो. या तीव्र अवस्थेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. फ्रान्समधील शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए या शास्त्रज्ञांनी १९०२ साली तिचे वर्णन केले. या कामाबद्दल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे सारे कधी कधी इतक्या वेगाने घडते, की अंगावर गांधी उठायलाही वेळ मिळत नाही. म्हणून कातडी स्वच्छ दिसते एवढ्यावरून निर्धास्त राहू नये. औषधानंतर श्वास अडकणे किंवा भोवळ येणे एवढीच खूण धावपळ करण्यास पुरेशी आहे.

अशा वेळी काय करावे? ते औषध लगेच बंद करावे. सलाईनमधून औषध चालू असेल, तर परिचारिकेला त्याच क्षणी हाक मारावी. घरी असाल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्यावे. रुग्णाला सपाट झोपवावे आणि त्याचे पाय उशीवर थोडे उंच ठेवावेत. श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर त्याला पाय पसरून बसू द्यावे. तो बेशुद्ध असेल किंवा उलट्या करत असेल, तर कुशीवर वळवावे. त्याला उभे करू नये, चालवू नये. रक्तदाब उतरलेला असताना उभे राहणे प्राणावर बेतू शकते. तोंडात पाणी, दूध, साखर काहीही घालू नये. घाबरलेल्या माणसाभोवती गर्दी करू नये.

या अवस्थेत प्राण वाचवणारे औषध म्हणजे ॲड्रेनलिन. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. डॉक्टर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत टोचतात. त्यामुळे सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, श्वासनलिका मोकळी होते आणि हृदयाला बळ मिळते. सर्दी-खाजेवरची ॲलर्जीची गोळी हे काम करू शकत नाही. तिची वाट पाहण्यात वेळ गमावू नये. शिवाय रुग्ण बरा वाटू लागला, तरी डॉक्टर त्याला काही तास रुग्णालयात ठेवून घेतात. ‘आता बरे वाटते, घरी जाऊ,’ असा हट्ट करू नये. कारण तोच त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो.

इंजेक्शन घेतल्यावर ‘थोडा वेळ बाहेर बाकावर बसा’ असे सांगतात, ते यासाठीच. २०२१ साली कोरोनाची लस घेताना आपल्या देशात प्रत्येकाला अर्धा तास केंद्रावरच बसवून ठेवत होते, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल. तो अर्धा तास वाया जात नव्हता. काही झालेच, तर डॉक्टर आणि ॲड्रेनलिन दोन्ही जवळ असत.

दुसरा प्रकार उशिरा होणाऱ्या ॲलर्जीचा. औषध सुरू करून काही दिवस झाले, की छातीवर आणि पाठीवर गोवरासारखे लाल पुरळ उठते आणि हातापायांवर पसरते. खाज येते. क्वचित थोडा तापही येतो. असे पुरळ पुष्कळदा धोक्याचे नसते. पण ते डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. औषध बंद करायचे की नाही हे त्यांनी ठरवावे. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. अंगावर पुरळ आणणारे काही ताप असतात. अशा तापात मूल एखादे औषध घेत असेल, तर पुरळाचा दोष औषधावर येतो. खरे कारण मात्र रोगच असतो. म्हणून निदान स्वतः करू नये.

उशिरा होणाऱ्या ॲलर्जीचे एक रूप मात्र फार भयंकर आहे. अमेरिकेतील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी १९२२ साली त्याचे वर्णन केले. म्हणून त्याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असे नाव पडले. औषध सुरू केल्यावर बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ते दिसते. आधी ताप येतो, घसा आणि डोळे चुरचुरतात. मग तोंडात, ओठांवर, लघवीच्या जागी फोड आणि जखमा होतात. कातडी नुसती खाजत नाही, तर दुखते, काळसर-लाल होते, भाजल्यासारखी सोलून निघते. सल्फा गटातील औषधे, फिट्सवरील कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, गाउट या सांध्यांच्या रोगावरील ॲलोप्युरिनॉल यांच्यामुळे हे होऊ शकते. हा प्रकार विरळा आहे. पण औषध चालू असताना ताप, तोंडात फोड आणि कातडीची आग ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. उद्यावर टाकू नये.

आणखी एक प्रकार तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. एखाद्याच्या ओठावर किंवा हातावर एकच गोल, काळपट-लाल डाग येतो. काही दिवसांनी तो फिका होतो. पण पूर्ण जात नाही. काही महिन्यांनी नेमक्या त्याच जागी तो पुन्हा उगवतो. लोक त्याला उष्णता म्हणतात, नाहीतर कोळी मुतला असे समजतात. पण आठवून पाहिले, तर दोन्ही वेळा त्याने जुलाबाची किंवा अंगदुखीची तीच गोळी घेतलेली असते. हीदेखील औषधाची ॲलर्जीच. डाग जणू औषधाचे नाव सांगत असतो. आपण ऐकत नाही, इतकेच.

आता जी ॲलर्जी नाही, तिच्याकडे वळू. प्रतिजैविक औषध घेतल्यावर पोट बिघडते, पातळ शौचाला होते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो. सर्दीच्या गोळीने झोप येते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने लघवीचा रंग नारंगी-लाल होतो. घामाचा आणि अश्रूंचाही रंग बदलतो. यातील एकही गोष्ट ॲलर्जी नाही. पण लघवी लाल दिसली म्हणून ‘औषध उष्ण पडले’ असे समजून कोणी क्षयाची औषधे सोडून दिली, तर? रोग पुन्हा उसळतो आणि मग नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. घरातील इतरांनाही त्याचा धोका होतो. म्हणजे ॲलर्जी न ओळखणे जितके धोक्याचे, तितकेच नसलेली ॲलर्जी आहे असे मानणेही धोक्याचे.

याचे एक चांगले उदाहरण पेनिसिलिनच्याच बाबतीत सापडते. अमेरिकेत १०० रुग्णांपैकी सुमारे १० जण ‘मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ असे सांगतात. त्यांची नीट तपासणी केली, तर दहांपैकी नऊ किंवा त्याहूनही अधिक जणांना हे औषध निर्धोक असल्याचे दिसते. कोणाला लहानपणी तापात पुरळ आलेले असते, कोणाला नुसती उलटी झालेली असते. तर कोणाची खरी ॲलर्जी वर्षे लोटल्यावर मावळलेली असते. एवढ्यावरून आयुष्यभर एक चांगले, स्वस्त औषध त्यांना बंद होते आणि त्याऐवजी महागडी, कधी कधी अधिक त्रासदायक औषधे घ्यावी लागतात. अर्थात ही तपासणी डॉक्टरांनीच करायची असते. ‘अर्धी गोळी घेऊन बघू’ असा प्रयोग घरी कधीही करू नये. खरी ॲलर्जी असेल, तर अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते.

मग आपण काय करायचे? डॉक्टरांना खरी आणि पूर्ण माहिती द्यायची. पुढील संवाद वाचा. नववीत शिकणारी एक मुलगी आपल्या दादीला घेऊन सरकारी रुग्णालयात आली आहे. दादींना मराठी नीट बोलता येत नाही.

डॉक्टर : काय होतंय आजींना?

मुलगी : डॉक्टरसाहेब, दादींना तीन दिवसांपासून ताप आहे आणि घसा दुखतोय. पण औषध लिहिण्यापूर्वी एक सांगायचं आहे. त्यांना एका औषधाची ॲलर्जी आहे.

डॉक्टर : कोणत्या औषधाची?

मुलगी : ॲमॉक्सिसिलिनची.

डॉक्टर : काय झालं होतं ते घेतल्यावर?

मुलगी : ओठ सुजले होते. सगळ्या अंगावर गांधी उठल्या होत्या. मग धाप लागली.

डॉक्टर : किती वेळाने?

मुलगी : पहिली कॅप्सूल घेतल्यावर वीस मिनिटांच्या आत. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दवाखान्यात इंजेक्शन देऊन रात्रभर ठेवलं होतं. मी हे सगळं या कागदावर लिहून आणलं आहे.

डॉक्टर : शाबास! फार चांगलं केलंस, बाळ. मी आजींच्या केसपेपरवर लाल शाईने लिहितो. यांना दुसरं औषध देऊ. आणि हा कागद नेहमी त्यांच्याजवळ ठेव.

डॉक्टरांचे प्रश्न पुन्हा वाचा. कोणते औषध? काय झाले? किती वेळाने? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की हा त्रास ॲलर्जीचा होता की नव्हता याचा अंदाज डॉक्टरांना येतो. ‘दादींना एक लाल-पिवळी कॅप्सूल चालत नाही,’ एवढेच ती मुलगी म्हणाली असती, तर डॉक्टरांना काय समजले असते? लाल-पिवळ्या कॅप्सूल शेकडो आहेत.

इथे आणखी एक सापळा आहे. एकच औषध बाजारात निरनिराळ्या नावांनी विकले जाते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत नोवामॉक्स असेल, मॉक्स असेल किंवा ऑगमेंटिन असेल; तिन्हींच्या आत ॲमॉक्सिसिलिन आहेच. ब्रूफेन आणि कॉम्बिफ्लॅम ही नावे वेगळी. पण दोन्हींत आयब्युप्रोफेन आहे. ज्याला नोवामॉक्सने त्रास झाला, तो ‘हे तर दुसरे औषध आहे’ असे समजून ऑगमेंटिन घेईल आणि पुन्हा संकटात सापडेल. म्हणून कंपनीने दिलेले नाव नव्हे, तर त्याच्याजवळ छापलेले मूळ औषधाचे नाव वाचायला शिका. ते पाहून जसेच्या तसे उतरवून घ्या. शंका असेल तर औषधाच्या दुकानदाराला विचारा, ‘यात कोणते औषध आहे?’ असे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

घरात कोणाला औषधाची ॲलर्जी असेल, तर आजच एक छोटे कार्ड तयार करा. त्यावर त्या व्यक्तीचे नाव आणि वय लिहा. औषधाचे मूळ नाव, ते कशासाठी घेतले होते, त्रास केव्हा झाला, किती वेळाने झाला, काय काय झाले आणि कोणता उपचार करावा लागला, हे लिहा. कार्ड पाकिटात किंवा रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. त्रास झाला तेव्हाचे औषधाचे पाकीट फेकून न देता डॉक्टरांना दाखवा. रुग्णालयात जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा. दात काढायला गेलात तरी सांगा, साधे इंजेक्शन घ्यायचे असले तरी सांगा.

काही सवयीही लावून घेतल्या पाहिजेत. कपाटात उरलेली औषधे एकमेकांना देऊ नयेत. शेजारणीला ज्या गोळीने बरे वाटले, तिने आपल्यालाही बरे वाटेल असे नाही. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. एका वेळी अनेक औषधे सुरू करावी लागली, तर प्रत्येकाची वेळ लिहून ठेवावी. औषधाने मोठा त्रास झाला, तर त्याची नोंद सरकारकडेही करता येते. या कामासाठी आपल्या देशात २०१० साली एक राष्ट्रीय योजना सुरू झाली. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन ती चालवते. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनीवर डॉक्टरच नव्हे, तर रुग्णही माहिती देऊ शकतात. आपण केलेली एक नोंद उद्या अनोळखी माणसाच्या उपयोगी पडते.

औषधाला घाबरण्याचे कारण नाही. औषधांनीच आज माणसाचे आयुष्य वाढवले आहे. पण औषध घ्यायचे तर त्याचे नाव माहीत असावे, ते घेतल्यावर शरीर काय सांगते तिकडे लक्ष असावे आणि जे दिसले ते स्पष्ट शब्दांत सांगता यावे. यापुढे घरात कोणी ‘मला ते औषध चालत नाही’ असे म्हणाले, तर मान डोलावून गप्प बसू नका. जवळ बसा, वही काढा आणि विचारा : ‘कोणते औषध? काय झाले होते? किती वेळाने?’

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ॲलर्जी हा शब्द कोणी व कोणत्या साली तयार केला?
(आ) तीव्र ॲलर्जीत प्राण वाचवणारे औषध कोणते?
(इ) रिफाम्पिसिनमुळे लघवीचा रंग कसा होतो?

२. कारणे लिहा.
(अ) इंजेक्शन घेतल्यावर थोडा वेळ दवाखान्यातच बसावे.
(आ) औषधाचे मूळ नाव माहीत असावे.
(इ) तीव्र ॲलर्जी झालेल्या माणसाला उभे करू नये.

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
गांधी उठणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, निर्धास्त राहणे.

४. पाठातील संवाद पुढे वाढवा. डॉक्टरांनी सांगितलेली माहिती मुलगी घरी आल्यावर अम्मीला कशी सांगेल, ते लिहा.

५. उपक्रम : घरातील रिकाम्या औषधांची पाच पाकिटे गोळा करा. प्रत्येक पाकिटावरील कंपनीचे नाव, औषधाचे विक्रीचे नाव आणि मूळ नाव यांचा तक्ता तयार करून वर्गात लावा.